आधी चित्राची पाठ बघा : जुन्या पोस्टरांचं आणि स्टिलचं घरगुती प्रदर्शन

गिरगावातल्या आमच्या चाळीत तळमजल्याला एक लांबट खोली आहे. गणपतीत तिथे प्रसादाची पातेली असतात, एरवी कॅरम आणि मोडक्या खुर्च्या. जुन्या सिनेमाचं प्रदर्शन आम्ही पहिल्यांदा भरवलं तेव्हा घराघरांतून मिळालं ते सगळं तिथे टांगलं, पन्नासेक चित्रं तरी असतील. लोक आले, या टोकाकडून त्या टोकाला चालत गेले, "काय दिवस होते ना!" म्हणाले आणि चहा पिऊन गेले. पुढच्या खेपेला नऊच चित्रं ठेवली. पण प्रत्येकाखाली ते कोणाच्या घरातून आलं, साधारण कधीचं आहे आणि ते आम्हाला कशावरून कळलं, एवढं लिहिलं. त्या वेळी माणसं हलेनात. दोन काका तर पत्त्यातल्या एका आकड्यावरून हमरीतुमरीवर आले.

ज्यांना हे दुसऱ्या प्रकारचं प्रदर्शन आपल्या सोसायटीत, वाचनालयात किंवा मंडळाच्या खोलीत भरवायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सिनेमाचं ज्ञान लागत नाही. एक बरं भिंग, मऊ शिशाची पेन्सिल, बटर पेपर आणि दोन-तीन महिने हाताशी असले की पुरतं.

१. विषय गल्लीएवढा घ्या

"भारतीय सिनेमाची शंभर वर्षं" हा विषय कोणीतरी सुचवेलच. त्याला गोड बोलून वाटेला लावा. एवढा विषय एका खोलीत मावत नाही, आणि मावला तरी भिंतीवर कॅलेंडरं लावल्यासारखा दिसतो.

मुंबईत विषय शोधायला लांब जावं लागत नाही. ७ जुलै १८९६ ला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. आपल्याकडचा तो पहिला खेळ. ती इमारत एस्प्लनेड मॅन्शन या नावाने अजून तिथे आहे, जर्जर झालेली. गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला, ३ मे १९१३ ला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलायला लागला. मॅजेस्टिकच्या जागी आता शॉपिंग सेंटर आहे, आणि तिथे ब्लाउजपीस घेणाऱ्या बायकांना आपण कुठे उभ्या आहोत याचा पत्ता नसतो. आमचा पहिला नीट विषय हाच होता: घरातून चपला घालून चालत जाता येईल एवढ्यातला सिनेमा.

दादरकरांकडे तर खजिनाच आहे. फाळक्यांचं घर आणि त्यांचा कारखाना तिथे होता, रस्त्यालाही त्यांचंच नाव आहे. शांतारामबापूंचं प्लाझा थिएटर आहे. नटनट्यांचे सावली-उजेडातले फोटो काढणाऱ्या जे. एच. ठक्करांचा इंडिया फोटो स्टुडिओही दादरचाच. दादा कोंडक्यांच्या १९७१ च्या 'सोंगाड्या'साठी कोहिनूर थिएटरबाहेर काय घडलं ते सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक इमारतीत सापडतो. लालबागला भारतमाता थिएटर आणि गिरण्यांच्या पाळ्या. मालाडला १९३४ ची बॉम्बे टॉकीज ही चित्रसंस्था, आणि तिथे कॅमेरा चालवणारा जर्मन योसेफ विर्शिंग. त्याने चित्रीकरणाच्या काळात काढलेले फोटो त्याच्या कुटुंबाने जपले, म्हणून आज ती जागा आतून कशी दिसत होती हे कळतं.

एकाच नटाचा किंवा नटीचा विषय मात्र पहिल्या वर्षी टाळा. लोक चेहऱ्यातच अडकतात आणि कागद बघायचा राहून जातो.

२. हातात काय आहे ते ओळखा

सगळ्यालाच "जुना फोटो" म्हणायची सवय आधी सोडायला हवी.

स्टिल म्हणजे सिनेमाच्या रिळातून कापलेलं चित्र नव्हे. सेटवर वेगळा स्टिल फोटोग्राफर असायचा. शॉट संपला की नट तसेच थांबायचे, पुन्हा तीच मुद्रा घ्यायचे आणि हा माणूस आपल्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा. मोठी निगेटिव्ह, म्हणून स्टिल इतकं स्वच्छ येतं की साडीची वीण दिसते. उलट रिळातली फ्रेम मोठी केली की दाणे दिसतात, हाताची हालचाल पुसट होते. हा फरक कळला की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. स्टिलमध्ये दिसतो तो प्रसंग सिनेमात तसाच असेल असं नाही. कधी कोन वेगळा, कधी कापून टाकलेलं दृश्य, कधी फक्त जाहिरातीसाठी उभं केलेलं. तेव्हा चित्राखाली "सिनेमातील एक दृश्य" लिहिण्याआधी थांबा.

वर्किंग स्टिल हा माझा लाडका प्रकार. चित्रीकरण चालू असतानाचा फोटो: रिफ्लेक्टर धरलेला पोरगा, ट्रॉली ढकलणारे दोघे, छत्रीखाली बसून पंख्याने वारा घेणारी राणी. बाजारात याला नटीच्या फोटोपेक्षा कमी भाव मिळतो, आणि मला नेहमी वाटतं की तो जास्त मिळायला हवा.

शो-कार्ड म्हणजे जाड पुठ्ठ्यावर स्टिल कापून चिकटवायची, भोवती रंग भरायचा आणि नाव हाताने लिहायचं. थिएटरच्या लॉबीत काचेच्या पेटीत ही लावत. प्रत्येक शो-कार्ड हाताने केलेलं, त्यामुळे दोन कधी तंतोतंत सारखी नसतात. पोस्टर बहुधा तीस बाय चाळीस इंचाचं असतं, त्याहून लहान वीस बाय तीसचं. भिंतभर मोठं हवं असेल तर ते तुकड्यांत छापून जोडत. सहा तुकड्यांच्या पोस्टराला सिक्स-शीट म्हणतात. रस्त्यावरचं रंगवलेलं प्रचंड ते बॅनर. चित्रकार एम. एफ. हुसेन तरुणपणी ग्रँट रोड भागात असेच बॅनर रंगवत.

आणि गाण्यांची पुस्तिका. थिएटरच्या दाराशी आण्या-दोन आण्यांना मिळायची. आत नटसंच, गाणी आणि गोष्ट. पण गोष्ट ऐन मोक्याला थांबायची, पुढचं पडद्यावर बघा म्हणून. घरात ट्रंकेच्या तळाशी सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त हिचीच.

या कागदांना एवढं महत्त्व का, असं कोणी विचारलं तर त्याला 'आलम आरा'चं सांगा. आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत उरलेली नाही. बहुतेक मूकपटांचंही तेच झालं: नायट्रेटची, म्हणजे त्या काळची सहज पेटणारी फिल्म जळाली, कुजली, किंवा तिच्यातली चांदी काढायला धुतली गेली. मास्टर विठ्ठल आणि झुबेदा त्या सिनेमात कसे दिसत होते हे आज आपल्याला सांगतात ती फक्त स्टिलं आणि जाहिराती.

३. शोध पोटमाळ्यापासून

चोरबाजारात नंतर जा, आधी जिना चढा. जिन्याच्या पाटीवर सूचना लावा, त्यात "जुने फोटो" असं मोघम लिहू नका. "थिएटरात नोकरीला असलेल्या आजोबांची पेटी, गाण्यांच्या पुस्तिका, तिकिटांचे अर्धे तुकडे, नटाच्या सहीचा फोटो" असं लिहा. माणसाला वस्तू आठवली की पेटी आठवते. आमच्या शेजारच्या चाळीतल्या एका काकूंनी "आमच्याकडे काही नाही हो" म्हणत शेवटी लोणच्याच्या बरणीखाली अंथरलेला कागद आणून दिला. तेलाचा डाग पडलेलं अर्धं पोस्टर होतं.

मग मटण स्ट्रीट, म्हणजे चोरबाजार. शुक्रवारी बंद असतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी जा आणि पहिल्या फेरीत पैसे खिशातच ठेवा. नुसतं हाताळून बघा. नवी छपाई जुनी म्हणून विकली जाते, आणि त्यात मोठं पाप आहे असं विकणाऱ्यालाही वाटत नाही. शोभेसाठी घेणाऱ्याला तीच पुरते. ओळखायची खूण सोपी आहे. जुनी पोस्टरं घड्या घालून गावोगावी पाठवत. त्या घडीवरून बोट फिरवा. घडी डोळ्याला दिसते पण बोटाला लागत नाही, तर ती घडी छापलेली आहे.

एक दिवस पेडर रोडला, फिल्म्स डिव्हिजनच्या आवारातल्या राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालयात घालवा. २०१९ च्या जानेवारीत ते सुरू झालं. अर्धं जुन्या गुलशन महालात आहे, अर्धं नव्या इमारतीत. सोमवारी बंद. तिथे वस्तू बघाच, पण वहीत त्यांच्या खालच्या पाट्या कशा लिहिल्यात ते टिपून घ्या. कोणती पाटी वाचताना तुम्ही थांबलात आणि कोणती ओलांडून पुढे गेलात, हेही.

पुण्याला लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ मध्ये स्थापन झालेलं, पी. के. नायर यांनी उभं केलेलं. आता ते एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. तिथे जाण्यापूर्वी आपल्याला नेमकं काय हवंय ते लिहून पाठवा. "जुने मराठी सिनेमे" असा अर्ज केलात तर उत्तरही तसंच मोघम येईल. मुंबईत २०१४ पासून फिल्म हेरिटेज फाउंडेशन काम करतं. फोटो आणि पोस्टरं जपण्याचं शास्त्र शिकायचं असेल तर त्यांच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा. आणि घरबसल्या काही बघायचं तर बाबूराव पटेलांचं १९३५ साली सुरू झालेलं 'फिल्मइंडिया' मासिक इंटरनेट आर्काइव्हवर पानापानाने वाचता येतं. त्यातल्या जाहिराती म्हणजे त्या काळच्या पोस्टरांची चुलत भावंडं. आपल्या हातातला फोटो कोणत्या सिनेमाचा, हे आम्हाला तिथे दोनदा सापडलं.

४. पाठ वाचा, कोपरे वाचा

बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं, म्हणून जरा सावकाश.

फोटो हातात आला की चेहरा ओळखायच्या आधी तो उलटा करा. मागे शिक्का असतो: स्टुडिओचा, फोटोग्राफरचा, कधी मासिकाच्या कचेरीचा. पेन्सिलीने सिनेमाचं नाव किंवा दृश्याचा क्रमांक लिहिलेला असतो. "दोन कॉलम, उद्या" असं काही खरडलेलं असेल तर तो फोटो वर्तमानपत्रात गेला होता हे नक्की. कामत फोटो फ्लॅशसारखं नाव दिसलं तर तो माणूस आणि ती संस्था त्या काळी कोणाबरोबर काम करत होती तिथून धागा पकडता येतो.

मी एकदा एक फार सुंदर स्टिल खराब म्हणून बाजूला टाकलं होतं. चेहऱ्यावर, कपड्यांवर, सगळीकडे पेन्सिलीच्या उभ्या-आडव्या रेघा मारलेल्या. बॅनर रंगवण्यात आयुष्य गेलेले एक आजोबा प्रदर्शनाच्या तयारीला आले होते. त्यांनी ते टोपलीतून उचललं आणि मला म्हणाले, "अगं, ह्याच्यावरून बॅनर झालाय!" छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर आखायच्या आणि एकेक घर भरत जायचं, अशी त्यांची रीत. म्हणजे त्या रेघा हीच त्या फोटोची नोकरी होती. त्या वर्षी आम्ही तेच चित्र दारासमोर लावलं.

पोस्टराची पाठ बहुधा कोरी असते, म्हणून तिथे कोपरे वाचायचे. खालच्या कडेला बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि पत्ता असतो. पत्त्यात नुसतं "मुंबई ४" असेल तर तो कागद बहुधा १९७२ च्या आधीचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, आणि गिरगावचं ४ मग ४००००४ झालं. पण छपाईचा जुना ब्लॉक किंवा जुनं लेटरहेड नंतरही वापरलं जाई. तेव्हा पिनकोड नसणं हा पुरावा नव्हे, असणं हा पुरावा. १९६० च्या दशकातल्या सिनेमाच्या पोस्टरावर पिनकोड दिसला तर ते पुन्हा लावलेल्या खेळासाठी नंतर छापलेलं आहे. वर सांगितलेले दोन काका भांडले ते याच आकड्यावरून. दोघंही पोस्टात होते.

गाण्यांच्या पुस्तिकेवर किंमत बघा. आणे असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आगेमागे किंवा त्याआधीची. "नये पैसे" असेल तर साधारण १९५७ ते १९६४ मधली, कारण १९६४ मध्ये "नये" गळलं आणि नुसते पैसे राहिले. वर्ष छापलेलं नसतानाही एवढ्या लहानशा खिडकीत आणून सोडणारा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

भिंगाखाली रंग बघा. ऑफसेटच्या छपाईत ठिपके शिस्तीत बसलेले दिसतात, फुलांच्या पाकळ्यांसारखे. जुन्या शिळाप्रेसच्या पोस्टरात हाताने काढलेली खरखर दिसते, ठिपक्यांना ओळ नसते. आणि सही शोधा. एस. एम. पंडित, जी. कांबळे, दिवाकर करकरे या पोस्टर-चित्रकारांची नावं लोकांना चित्रं दाखवल्यावर "अच्छा, हे यांचं होय" अशी कळतात. करकऱ्यांनी 'दीवार'चं पोस्टर केलं हे ऐकून आमच्या खोलीतल्या तरुण मुलांनी पहिल्यांदा मोबाइल खिशात घातले. या सगळ्यांच्या मागे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर उभे आहेत. त्यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आपल्याकडच्या आजवर टिकलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-पोस्टरांत धरलं जातं.

जे वाचलं ते वहीत उतरवा: वस्तू, माप, पाठीवर काय, कोपऱ्यात काय, कोणाकडून, कोणत्या तारखेला. फोटोच्या पाठीवर स्वतः काही लिहायचंच असेल तर काठाजवळ, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचं टोक दाबून पुढे उमटतं, आणि शाई वर्षांनी पलीकडे झिरपते.

५. मुंबईच्या हवेपासून वाचवा

आपल्याकडे कागदाचे शत्रू ठरलेले: ओल, कसर, झुरळं, ऊन आणि सेलोटेप. शेवटचा आपण स्वतः विकत आणतो.

फाटलेल्या पोस्टराला सेलोटेप लावू नका. गोंद पिवळा पडतो, कागदात उतरतो आणि मग टेप निघाली तरी डाग जात नाही. रस्त्यावर पोस्टर चिकटवायला मैद्याची खळ करत, तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ती भिंतीसाठी होती, जपणुकीसाठी नव्हे. तुकडे झाले असतील तर ते जोडू नका, बटर पेपरच्या घडीत सांभाळून ठेवा आणि जाणकाराकडे न्या.

लॅमिनेशनही नको. हे मी माझ्या हातांनी केलेल्या पापावरून सांगते. मामाने दिलेलं एक शो-कार्ड, छान टिकेल म्हणून, मी कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम लॅमिनेट करून आणलं. चिकटवलेल्या स्टिलखाली फुगे आले, हाताने भरलेला गुलाबी रंग पसरला, आणि ते आता कशानेही सुटत नाही. मामाने काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

साध्या प्लास्टिकच्या पिशव्या घाम धरतात. फोटोंसाठी पॉलिएस्टरचे स्वच्छ खिसे मिळतात, नाही मिळाले तर आम्लरहित कागदाची पाकिटं. पोस्टर आडवं, सपाट ठेवणं सगळ्यात चांगलं. मुंबईच्या घरात ते पलंगाखालीच जमतं. गुंडाळायचंच असेल तर जाड नळीच्या बाहेरून गुंडाळा, वरून मलमल. आत कोंबलेलं पोस्टर बाहेर काढताना फाटतं. जुन्या पोथ्यांत ठेवतात तसं वेखंड कपाटात ठेवायला हरकत नाही, पण कागदाला टेकवून नको. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा, आणि पाऊस गेला की ऑक्टोबरात सगळं बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर पसरा. उन्हात नाही. उन्हात लाल आणि पिवळा आधी उडतात आणि तुमचा नायक निळा पडतो. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसायचं नाही. आधी वाळू द्या, मग तोंडाला फडकं बांधून गॅलरीत मऊ ब्रशने झाडा.

एक गोष्ट मात्र गमतीत घेऊ नका. पेटीत फिल्मची जुनी निगेटिव्ह किंवा रीळ सापडलं, आणि ते १९५० च्या दशकाच्या आधीचं असायची शक्यता असेल, तर ते नायट्रेट असू शकतं. ते भडकन पेटतं आणि पेटल्यावर विझत नाही. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात अशाच नायट्रेटच्या साठ्याला आग लागून अनमोल रिळं गेली. ते घरात, गॅसजवळ, माळ्यावर ठेवू नका, संग्रहालयाशी बोला. नंतरच्या फिल्मला आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती सडते आहे आणि शेजारच्या फिल्मलाही बिघडवेल. तिला वेगळी काढा.

६. भिंतीवर नक्कल, हातात अस्सल

मूळ कागद भिंतीवर टांगायचा मोह होतो. टांगू नका, निदान सगळे तरी नका. फोटो सहाशे डीपीआयवर स्कॅन करा, पोस्टर तिपाईवर कॅमेरा लावून काढा, दोन्ही बाजूंनी तिरके दिवे ठेवून, म्हणजे चमक येत नाही. मागची बाजूही काढा. हे लोक हटकून विसरतात. मोठी फाइल टिफ या प्रकारात ठेवा आणि तिला नाव असं द्या की सहा महिन्यांनी तुम्हालाच कळेल. रंग "सुधारू" नका. डाग हा डागच दिसू दे.

प्रती छापताना हक्काचा प्रश्न येतो. कागद तुमच्या मालकीचा असणं वेगळं आणि त्याच्या नकला काढायचा हक्क असणं वेगळं. आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क तो प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो, चित्रकाराच्या चित्राचा त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. घरगुती, तिकीट नसलेल्या प्रदर्शनातही निर्मात्याच्या किंवा चित्रकाराच्या घरच्यांना एक पत्र टाकावं असं माझं मत आहे. परवानगीचा भाग आहेच, शिवाय त्या पत्राच्या उत्तरात कधी कधी पोस्टरापेक्षा मोठी गोष्ट येते. नकला विकायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा.

७. टांगणं आणि लिहिणं

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर हवा, पण ज्येष्ठ मंडळी खुर्चीत बसून बघणार असतील तर अर्धा फूट खाली आणा. दोरी ताणून बाइंडर क्लिपांनी नकला टांगा. खिळे, चिकटपट्टी काही नको. पाच हजारांची फ्रेम आणि पन्नास रुपयांचा कागद म्हणजे नाकापेक्षा मोती जड. अस्सल वस्तू दोन-तीनच, टेबलावर काचेखाली, ट्यूबलाइटपासून लांब, आणि रात्री परत पेटीत.

पाट्या लिहायला एक अख्खा रविवार द्या. "सुवर्णयुगाची एक झलक" असल्या पाटीने कोणाचं भलं होत नाही. अशी लिहा:

अयोध्येचा राजा, १९३२. प्रभात फिल्म कंपनी, कोल्हापूर. दिग्दर्शक व्ही. शांताराम. स्टिलची नवी प्रत. चित्रात दुर्गा खोटे. मूळ फोटो पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातला. पाठीवर पेन्सिलीने "तारामती" एवढंच.

शेवटच्या वाक्यावर लोक थांबतात. जे माहीत नाही तिथे रिकामी ओळ सोडा आणि शेजारी दोरीला पेन्सिल बांधा. एका फोटोखाली आम्ही एका नटीचं नाव ठामपणे लिहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी चष्मा पुसून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "ही ती नव्हे गं, ही तिच्या मागे नाचणारी. आमच्याच वाडीतली. सकाळी दुधाच्या लाइनीत असायची." पुढचा पाऊण तास आजी बोलत होत्या, आणि एका मुलीने ते सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. असं कोणी बोलू लागलं तर पहिल्यांदा परवानगी विचारा, मग रेकॉर्ड करा, आणि मध्ये तोंड घालू नका.

८. आवराआवर

प्रदर्शन दोनच दिवस ठेवा, शनिवार-रविवार. सोमवारी मंडळाला खोली परत हवी असते आणि कागदालाही विश्रांती.

दुसऱ्यांच्या वस्तू घेताना दोन प्रतींची चिठ्ठी करा: वस्तू काय, अवस्था कशी, आधीपासून कुठे फाटलंय, कधी परत देणार. एक त्यांना, एक तुमच्या वहीत. घेताना फोटो काढा, परत देताना तोच फोटो समोर धरून दाखवा. परत करताना सोबत एक बटर पेपरचं पाकीट आणि स्कॅनची प्रत द्या, म्हणजे कागद पुन्हा बरणीखाली जात नाही.

आमच्याकडे पहिल्या वर्षीचा एक गठ्ठा अजून कपाटावर आहे. सात पुस्तिका, सगळ्या आण्यांच्या, सुतळीने बांधलेल्या. कोणीतरी घाईत दारात देऊन गेलं आणि चिठ्ठी करायला मी विसरले. दर ऑक्टोबरात काढते, वाऱ्यावर ठेवते, परत बांधते. जिन्याच्या पाटीवर सूचना लावलेली आहे.